सासूबाईचं गाणं

‘सासूबाई’ हे आमच्या रॉक बँडचं सगळ्यात वात्रट गाणं. तिसऱ्या कडव्यात मी सासूचा उद्धार करायचो आणि पहिल्या रांगेतून माझी बायको शुभदा मला चप्पल फेकून मारायची. सेलूच्या पहिल्या कार्यक्रमात ती खरंच चिडली होती. पुढं पोरं त्या चपलेसाठीच गर्दी करू लागली.

शुभदा गेल्यानंतरचा हा पहिलाच कार्यक्रम, परभणीत. मैदान खच्चून भरलेलं. “सिद्ध्या, सासूबाई! सिद्ध्या, सासूबाई!” पोरं ऐकेनात. ड्रम पेटले, गिटार पेटली, मीही पेटलो. पण तिसरं कडवं आलं आणि माझा आवाजच फुटेना.

“काहून थांबलाव, जावईबापू?” पहिल्या रांगेतून आवाज आला. सुलाबाई, खुद्द माझ्या सासूबाई! आजवर एकदाही माझं गाणं ऐकायला न आलेल्या. “मला नावं ठेवायला आता लाज वाटायली का?”

मी जीव तोडून तिसरं कडवं म्हटलं. सणकन चप्पल येऊन छातीवर बसली. उचलून पाहिली, तर शुभदाची.

सगळं मैदान नाचायला लागलं. त्या गोंधळात सासूबाई पदर खोचून ओरडल्या, “दुसरी फुडच्या कार्यक्रमाला आणते!”