उघडा किल्ला

नेतृत्वाच्या शिबिरात त्याने एका प्राचीन चिनी सेनापतीची गोष्ट ऐकली होती. सैन्य संपलेलं, शत्रू वेशीवर, आणि हा पठ्ठ्या किल्ल्याचे दरवाजे सताड उघडून तटावर वाद्य वाजवत बसला. आत नक्की काहीतरी डाव शिजतोय असं वाटून शत्रूने काढता पाय घेतला!

आता त्याच्याच कंपनीत एकही माणूस उरला नव्हता, आणि एका बड्या कंपनीचे मालक भागीदारीची बोलणी करायला येणार होते. त्याने सगळे दिवे लावले, कॉम्प्युटर सुरू केले, खुर्च्यांवर कोट अडकवले. बायकोने टेबलाटेबलावर अर्ध्या चहाचे कप मांडले. एका कपाच्या कडेला तर लिपस्टिकही लावली.

"अहो, हे अंगाशी येईल हं."

"काही होत नाही गं. फक्त चेहरा हलू द्यायचा नाही."

मालक आले. त्यांनी दारातूनच सगळीकडे नजर फिरवली. "माणसं कुठायत?"

"जेवायला गेलीत," तो हसून म्हणाला.

मालकांनी तिथल्या तिथे हात मिळवला. भागीदारीतला आपला वाटा घालायला नवरा-बायकोने राहतं घर विकलं.

पैसे पोचते झाल्यावर तो पहिल्यांदाच मालकांच्या ऑफिसात गेला. दिव्यांचा नुसता लखलखाट होता. कॉम्प्युटर सुरू होते. खुर्च्यांवर कोट होते. कपांतल्या अर्ध्या चहावर बुरशी धरली होती.

"माणसं कुठायत?" त्याने कसंबसं विचारलं.



मालकांचा चेहरा जराही हलला नाही. "जेवायला गेलीत."