जी म्हणजे उजवीकडे

दोराचं सगळ्यात पुढचं टोक कीर्तीच्या कमरपट्ट्याला अडकवलं गेलं, तेव्हा तन्मय सगळ्यात मागे, ट्रॉलीच्या पुढ्यात उभा होता. दोघांच्या मध्ये चार जण आणि साडेसहा मीटर दोर. वेंकोबा रावांनी सकाळपासून कीर्तीचं नाव अकरा वेळा घेतलं होतं, त्याचं चार वेळा. त्याने मोजलं होतं.

पेरुंगुडीच्या ऑफिसचं तळघरातलं पार्किंग शनिवारी रिकामं होतं. नऊ नंबरच्या खांबापासून निघायचं, चौदाच्या खांबाला उजवीकडे वळसा घालायचा आणि लिफ्टपाशी थांबायचं. ओढायची होती स्टोअरमधली ट्रॉली. तिच्यावर पाण्याचे बारा कॅन आणि मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीत वेंकोबा राव. बॅटरी-चाचणीचा हा गट त्यांनी नऊ वर्षं चालवला होता. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी कोण, हे त्यांनी आज संध्याकाळपर्यंत वर कळवायचं होतं. ते नाव कीर्ती आणि तन्मय या दोघांपैकी एकाचं असणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

बर्फावर कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यती होतात, हजार-हजार किलोमीटरच्या. हरिणीने नॉर्वेत दोन हिवाळे अशा कुत्र्यांची देखभाल केली होती. आता ती कंपन्यांमध्ये जाऊन त्यावरून नेतृत्व शिकवायची, आज इथे. पुढचा कुत्रा सगळ्यात ताकदवान नसतो, असं तिने सांगितलं. तो सगळ्यात नीट ऐकणारा असतो आणि त्याने मागे बघायचं नसतं. ताकदवान कुत्रे अगदी मागे, गाडीजवळ. ओझं आधी त्यांच्यावर येतं आणि वळणावर बाहेरच्या बाजूला रेटून गाडी सावरतात तेही तेच. चालकाच्या हातात लगाम नसतो. तो हाक देतो आणि समोरच्या दोऱ्या बघत राहतो. जी म्हणजे उजवीकडे, हॉ म्हणजे डावीकडे.

"जी म्हणायची सवय तुला आहेच," तन्मय मराठीत म्हणाला. "म्हणून तर पुढे लागलीस."

बाकीचे तमिळ, त्यांना मराठी कळत नव्हतं. कीर्ती मागे न वळताच म्हणाली, "आणि तुला हॉ. सगळे उजवीकडे निघाले की तू डावीकडे."

खुर्चीतले वेंकोबा राव हसले. त्यांचं घराणं तंजावरचं. त्यांची जुन्या वळणाची मराठी ऐकून एरवी हे दोघं एकमेकांकडे बघून गालात हसायचे. आज ते कीर्तीच्या वाक्यावर हसले, एवढंच तन्मयच्या लक्षात राहिलं.

ट्रॉली सुरुवातीला हललीच नाही. मग तन्मय आणि त्याच्या उजवीकडची संयुक्ता पुढे वाकले, पट्टा पोटात रुतला आणि चाकं फिरली. साडेसहा मीटरवर कीर्ती ताठ मानेने चालत होती.

"जी," वेंकोबा राव म्हणाले.

कीर्ती वळली. तिच्यामागून एकेक जण वळला. आता तन्मयने डावीकडे रेटायचं होतं. नाही रेटलं तर ट्रॉली कोपरा कापणार, हे शाळेतलं गणित होतं. त्याने एक पाऊल टाकलं नाही. एवढंच.

ट्रॉली खांबावर आदळली. एक कॅन खाली पडून फुटला आणि पाणी फरशीवर पसरलं. दोराला हिसका बसून कीर्ती गुडघ्यांवर पडली.

हरिणीने धावत येऊन वेंकोबा रावांची खुर्ची धरली. कोणीतरी तमिळमध्ये म्हणालं की कीर्ती लवकर वळली. दुसऱ्याने मान डोलावली. कीर्तीने तळहात झटकले आणि आपण दोन पावलं आधी वळलो असू, असं कबूल करून टाकलं. तन्मय फुटलेला कॅन बाजूला ठेवत होता. मागच्यांकडे कोणी बघत नाही, हे त्याला सकाळपासून खुपत होतं. आता ते बरं वाटलं.

लांबच्या शर्यतीत पुढचा कुत्रा बदलतात, हरिणी म्हणाली. सतत पुढे राहून पाय थकत नाहीत, डोकं थकतं. तिने वेंकोबा रावांकडे बघितलं. ते म्हणाले, तन्मय पुढे, कीर्ती त्याच्या जागी.

ट्रॉली परत नऊच्या खांबापाशी लावली गेली. त्याने पट्टा आवळला. समोर कोणीच नव्हतं. मागून बुटांचा आणि चाकांचा आवाज येत होता, पण कोणाचं पाऊल कोणतं ते कळत नव्हतं. दहाचा खांब. अकरा. कीर्तीच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. बारा. एक पाऊल पुरतं, हे आता त्याच्याइतकं नेमकं इथे कोणालाच माहीत नव्हतं. की तिला माहीत होतं? तेरा.

"जी."

तो वळला. पायाखाली फरशी ओली होती. त्याने धडकेची वाट बघितली. एक सेकंद. दोन. मग त्याने मागे बघितलं.

कीर्ती डावीकडे जवळजवळ आडवी झाली होती. तिचे बूट पाण्यावर सरकत होते आणि नजर ट्रॉलीच्या पुढच्या चाकावर होती. खांब आणि चाक यांच्यात वीतभर अंतर राहिलं आणि ट्रॉली पुढे निघून आली. बाकीचे सगळे चालत होते. तन्मय एकटा थांबला होता आणि त्याच्या कमरेचा दोर सैल होऊन सांडलेल्या पाण्यात पडला होता.

वेंकोबा रावांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग ते मराठीत म्हणाले, म्हणजे फक्त दोघांनाच कळावं असं.

"ह्याही वेळेस ढिली तुझीच दोरी की रे, तन्मय."