चौपाटीला वीस मिनिटं

“म्हातारीच्या बुटाला पंधरा मिनिटं पुरेत,” नृसिंह म्हणाला आणि त्याने फुलस्केप कागदावर पंधराचा आकडा घातला.

भिंगारच्या भाड्याच्या घरात बसून तो तीन आठवडे मुंबई आखत होता. चार दिवस, सतरा ठिकाणं. मुक्काम गिरगावात चुलतभावाकडे. मुंबईची त्याला माहिती होती, म्हणजे खात्याच्या परीक्षेला तो एकदा दोन दिवस जाऊन आला होता. वेळापत्रकाचं म्हणाल, तर त्यात नगरच्या कचेरीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेल्यापासून कोणत्या गावी टँकर किती वाजता जाणार आणि किती वेळ थांबणार, हे सगळं नृसिंहच ठरवी. साहेबांनी एकदा चारचौघांत “वा!” म्हटलं होतं. तेव्हापासून त्याला जगात जिथे तिथे रकानेच दिसत.

खाण्यापिण्याचाही रकाना होता. इराण्याकडे चहा, पण उभ्याने. म्युझियमच्या पायरीवर घरच्या दशम्या. राणीच्या बागेत दशम्याच, पण लोणचं बदलून. चौपाटीवर भेळ, तिघांत एक. पाणीपुरीपुढे त्याने लाल शाईने लिहिलं होतं : ‘नको. पोट.’

“चौपाटीला किती वेळ आहे हो?” त्याच्या बायकोने, सुनीतीने विचारलं.

“वीस मिनिटं. भेळ त्यातच.”

“थोडा जास्त नाही का मिळायचा?”

“समुद्रात काय बघायचंय? जरा बघितला की झालं. पुढे मत्स्यालय बंद होतं, त्याचं काय?” त्याने कागदावरून मान वर केली. “आणि हे बघ, तू आणि आई कठड्यापाशी सामान धरून बसा. वाळू उगाच चपलांत जाते. मी पुढे जाऊन भेळ आणतो.”

सुनीती पाणी भरायला उठली. आई, म्हणजे नृसिंहाची सत्तरीची आई, कोपऱ्यात वाती वळत होती.

निघायच्या आदल्या दिवशी कचेरीत हुकूम आला. टंचाई वाढली आहे, सगळ्यांच्या रजा रद्द. नृसिंह घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने. सुनीती नुकतीच पाणी भरून आली होती. पदर अजून खोचलेलाच होता.

“पुढल्या वर्षी जाऊ,” तो म्हणाला. “आराखडा तयार आहेच.”

“रजा तुमची रद्द झाली,” सुनीती म्हणाली. “आमची कोणी केली?”

नृसिंह हसला. ही थट्टा आहे असं वाटून त्याने आईकडे पाहिलं. आई नऊवारीच्या घड्या पिशवीत भरत होती.

“नृसिंहा,” ती म्हणाली, “गाडी सकाळी कितीची म्हणालास?”

दुसऱ्या दिवशी त्याने दोघींना एसटीत बसवलं. आराखड्याची एक नक्कल सुनीतीच्या हातात दिली, तीनदा समजावून सांगितली. गाडी हलली तरी तो खिडकीबरोबर चालत होता. “मत्स्यालय चुकवू नका!”

पुढचे चार दिवस तो शरीराने कचेरीत आणि मनाने मुंबईत होता. घड्याळाकडे बघून शेजारच्या कारकुनाला सांगे, “आत्ता पाणघोड्यापाशी असतील.” या नादात टँकरच्या तक्त्यात कर्जत तालुक्यातल्या एका गावापुढे त्याने ‘म्युझियम, पाऊण तास’ असं लिहून ठेवलं. साहेबांनी खाली सही केली. त्या दिवशी टँकर कुठे गेला, ते कचेरीत कोणीच विचारलं नाही.

पाचव्या दिवशी दोघी यायच्या होत्या. नृसिंह स्टँडवर जाऊन रिकाम्या हाताने परतला. सहाव्या दिवशीही तेच. सातव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. ‘आम्ही दोघी खुशाल आहोत. आणखी थोडे दिवस राहतो. जेवणाचे हाल करून घेऊ नयेत.’ नृसिंहाने ते दोनदा वाचलं. कुठल्या ठिकाणी उशीर झाला, हे त्यात लिहिलेलंच नव्हतं.

दहाव्या दिवशी त्या आल्या. उन्हाने रापलेल्या, पण चेहरे कसे तुकतुकीत. सुनीतीने पिशव्या ठेवल्या न ठेवल्या, तोच नृसिंह आराखडा आणि पेन्सिल घेऊन पुढ्यात बसला.

“राणीची बाग?”

“नाही पाहिली.”

“म्युझियम?”

“नाही.”

“निदान मत्स्यालय?”

“दारावरून गेलो दोनदा,” सुनीती म्हणाली.

नृसिंहाच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. एकाही ठिकाणापुढे खूण करता आली नव्हती. “मग इतके दिवस केलंत काय?”

“चौपाटीवर बसत होतो. सकाळी जायचो, ऊन चढलं की घरी. उतरलं की परत.”

“रोज?”

“रोज.”

“अगं, पण वीस मिनिटांचं काम ते!” त्याचा आवाज चढला. “इतक्या दुरून गेलात, आणि नुसत्या बसून राहिलात? आई, तुला तरी कळायला नको? सतरा ठिकाणं होती! काय होतं तिथे एवढं बघण्यासारखं?”

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने लेकाकडे पाहिलं. रागावली नव्हती, त्याची कीव येत असल्यासारखी पाहत होती.

“उठवेचना रे तिथून,” ती म्हणाली. “एवढं पाणी, आणि एकाही बाईच्या डोक्यावर हंडा नाही.”