टाकीचा आवाज

"नुसता टाकीचा आवाज ऐकून निवांत होऊ नका, पाणी हातात घेऊन पाहत जा," अकोल्याच्या प्रशिक्षणात मॅडमनी बजावलं होतं. प्रणालीने तेव्हा मान डोलावली आणि मोबाइलवर टाकीचे फोटो काढत बसली.

आता ती लग्न होऊन अमरावतीत होती. मासे वाढवायची बायोफ्लॉकची टाकी बार्शीटाकळीला, बाबांच्या हवाली. पदरात दोन वर्षांची आचल. पोर टाकीजवळ गेली तर, या धास्तीने माहेरी जाणंच टळायचं.

फोन मात्र रोज संध्याकाळी जायचा. पाणी कसं आहे, गूळ टाकला का, हवेचा पंप सुरू आहे ना. बाबांची उत्तरं ठरलेली. पाणी चहासारखं, मासे जोरात.

आई गेली त्याच वर्षी बापलेकीने ती टाकी घरामागे उभी केली होती. गढूळ पाण्यात मासे वाढवायचे म्हणजे शिकलेल्यांचे चाळे, असं बाबांचं मत. मग तिने समजावलं. गुळावर चांगले जिवाणू वाढतात, माशांची घाण खातात, त्यांचेच बारीक पुंजके होतात. ते पुंजकेच मासे खातात. वाढ होते, रोगही कमी येतो. पाणी नितळ झालं की समजायचं, टाकी मेली.

बाबा मग रोज गूळ कालवू लागले. कालवताना एक खडा तिच्या तळहातावर ठेवायचे, लहानपणी ठेवायचे तसाच. दोघं विटांवर बसून बुडबुडे बघायचे. बोलणं कमीच. तेवढा वेळ घर रिकामं वाटायचं नाही.

यंदा मे महिन्यात वादळाने गावाची लाइन गेली. पंप थांबला की काही तासांत मासे तडफडतात. प्रणालीचा जीव टांगणीला लागला. फोन लागला तो दुसऱ्या दिवशी.

"बाबा, मासे?" तिने पहिलं तेच विचारलं.

"हायेत ना. हे आयक." बाबांनी फोन टाकीवर धरला. बुडबुड, बुडबुड.

तेव्हापासून तो आवाज रोजचा झाला. आचलला त्याशिवाय झोप येईना. तिला सर्दी झाली की बाबा म्हणायचे, "तिले इकडं घेऊन ये. आपल्या माशाइले कदी सर्दी झाली का?" फोटो मागितला तर कॅमेरा फुटलेला. मासे काढायचे कधी, असं विचारलं तर म्हणायचे, "वाढू दे न अजून. घाई कायची हाय तुले?"

दिवाळीआधी ती न सांगताच आली. आचलला कडेवर घट्ट धरून थेट घरामागे गेली. तिच्या फोनचीच वेळ होती. बाबा टाकीला लागून खुर्चीत बसले होते, हातात मोबाइल. पंप सुरू होता. ओळखीचा आवाज ऐकून आचलने टाळ्या वाजवल्या.

प्रणाली टाकीवर ओणवली. पाणी नितळ होतं. तळाच्या ताडपत्रीची घडी न घडी दिसत होती.

"तुह्याच फोनची वाट पाहून राहिलो होतो," बाबा म्हणाले.

तुम्हालाही रोज फोनवर 'सगळं मस्त हाय' म्हणणारं कोणी असेल. आज फोन करू नका. जाऊन पाहून या.