नव्या केसांचा गज

“राळ लावलीस ना गं?” त्यांनी विचारलं.

“लावली,” ती म्हणाली आणि गज त्यांच्या हातात दिला.

मध्यंतर संपत आलं होतं. रंगमंचामागच्या बोळात रविवारच्या वर्गाची मंडळी आपापली वाद्यं कवटाळून भिंतीला लागून उभी होती. कोणी दंतवैद्य, कोणी शिवणकाम करणारी, कोणी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. वर्षातून एकदा, कार्यक्रमाची शेवटची रचना शहराचा वाद्यवृंद या शिकाऊ मंडळींना सोबत घेऊन वाजवायचा. ती वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायची. तिचे यजमान मात्र वर्गातले, आणि रंगमंचावर पहिल्यांदाच. जन्मभर बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर “तुझ्याबरोबर एकदा तरी बसायचंय” म्हणत वर्गातून चेलो, म्हणजे जमिनीवर टेकवून वाजवायचं थोरलं व्हायोलिन, घरी घेऊन आले. वर्गात सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत.

“काका, घाबरलात की काय?” दंतवैद्याने विचारलं.

“छे हो! इतकी वर्षं कंडक्टर माझ्या मागे उभा असायचा. आता पुढे उभा राहणार, एवढंच.”

बोळभर हशा पिकला. तीही हसली, पण जरा उशिराच. तिच्या कोटाच्या खिशात राळेची डबी होती.

घरात गजाला राळ लावायचं काम तिचंच. ते लावायला बसले की गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन उठत, म्हणून तिने ते आपल्याकडे घेतलं होतं. आज दुपारी त्यांचा गज घोड्याचे नवे केस बसवून तिनेच दुरुस्तीवाल्याकडून आणला. नव्या केसांवर राळ बराच वेळ घासावी लागते. नाहीतर गज तारेवरून नुसता घसरतो, आवाज फुटत नाही. ती डबी उघडून बसलीही होती. पण सकाळच्या तालमीनंतरचं वाद्यवृंदाच्या कंडक्टरचं बोलणं काही डोक्यातून जाईना.

“ताई, वाईट वाटून घेऊ नका. शेवटी चेलो एकटेच लांब सूर धरतात ना, तो खाली उतरतोय. आज रेडिओवाले ध्वनिमुद्रण करणार आहेत. काकांना तेवढं जरा... हळू वाजवायला सांगा.”

तो हे हळूच बोलला होता, तरी तिच्या रांगेतल्या माना वळल्याच. इतक्या वर्षांत तिच्या वाजवण्यावर कोणाची मान वळली नव्हती. काकांना सांगायचं, तर तोंड उघडावं लागलं असतं. राळ न लावताच तिने डबी मिटली.

पडदा वर गेला. वर्गातली मंडळी येऊन बसली. तिच्या खुर्चीवरून ते अगदी समोर दिसत होते. भाड्याचा काळा कोट खांद्यांवर सैल, केस पाण्याने चापून बसवलेले. कंडक्टरचा हात खाली आला आणि सगळे गज एकदम निघाले.

त्यांनी गजाकडे पाहिलं. मग तारांकडे. पुन्हा गज ओढला. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

आणि ते वाजवत राहिले. सगळ्यांचे गज वर जात तेव्हा त्यांचाही वर गेला, थांबत तेव्हा थांबला. ब्रेक लागत नाहीयेत हे प्रवाशांना कळू न देता उतारावरून गाडी सांभाळून आणावी, तसं त्यांचं चाललं होतं. चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नाही. तिचा हातच एकदा चुकला.

शेवट जवळ आला. व्हायोलिनं गप्प झाली. चेलोंनी तो लांब सूर धरला.

सूर उतरला.

सकाळसारखाच, तिथेच, तेवढाच. कंडक्टरची नजर सवयीने ड्रायव्हरकाकांकडे गेली, पण तिथून सूरच येत नव्हता; मग ती हळूहळू पहिल्या रांगेकडे सरकली. तिथे मुख्य चेलोवादक डोळे मिटून तल्लीन बसला होता. तिच्या बरोबरीनेच तो वाद्यवृंदात आलेला. डाव्या कानाने त्याला हल्ली कमी ऐकू येतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्याबद्दल शंका मात्र कोणालाच आली नव्हती.

घरी ते सरावाला बसले की ती मिक्सर लावायची. त्यांचा हा सूर कसा लागतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

टाळ्या खूप झाल्या. बोळात दंतवैद्याने काकांच्या पाठीवर थाप मारली. “काका, काय मान डोलावत होता हो! गाडी अगदी वेळेवर पोचवलीत.”

“पोचली खरी,” ते म्हणाले.

सगळे पांगल्यावर ती जवळ गेली. “अहो...”

“आज तुझं वाजवणं नीट ऐकलं बघ,” ते चेलो आडवा ठेवत म्हणाले. “मधे काही येत नव्हतं ना. छान वाजवतेस गं.” मग त्यांनी हात पुढे केला. “फडकं दे.”

दोघांत मिळून एक पिवळं फडकं होतं. वाजवून झालं की तारांखाली राळेची पांढरी भुकटी सांडलेली असे, ती पुसायला. तिने दिलं. त्यांनी रोजच्यासारखं सावकाश, कडेकडेने, सगळा चेलो पुसला. फडकं उजेडात धरलं. उलटं करून पाहिलं; दोन्हीकडून नुसतं पिवळंच होतं. मग त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि तिच्या कोटाच्या खिशात ठेवायला गेले. बोटांना डबी लागली. ती जराशी बाजूला सारून त्यांनी फडक्याला जागा केली.