पोर झोपलीये

"अगं, हळू! चंद्र आलाय," बाबा कुजबुजले.

आईने पातेल्यावर झाकण अलगद ठेवलं. बाहेर भर दुपारचं ऊन होतं. बैठकीतल्या कॉम्प्युटरवर दोन गोल घड्याळं शेजारी शेजारी चालत होती; जिथे दिवस, तिथल्या घड्याळावर सूर्याचं चित्र यायचं, जिथे रात्र तिथल्यावर चंद्राचं. परदेशी नोकरीला निघताना मुलीनेच तो प्रोग्रॅम टाकून दिला होता, भलत्या वेळी फोन यायला नकोत म्हणून. एका घड्याळाखाली बाबांनी 'आपण' लिहिलं होतं, दुसऱ्याखाली 'पोर'. आपल्या डोक्यावर सूर्य होता. पोरीच्या डोक्यावर नुकताच चंद्र उगवला होता.

चंद्र उगवला की इथलं घर पाय न वाजवता चालायचं. नळ बारीक, मिक्सर बंद, टीव्ही मुका. ऊनसुद्धा खिडकीतून चवड्यांवर आत आल्यासारखं वाटायचं. शेजारीण दारातूनच मोठ्याने हसली, तेव्हा बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"कोण आजारी आहे का?" ती दचकली.

"पोर झोपलीये."

शेजारणीने आतल्या खोलीत डोकावलं. पलंगावर इस्त्रीचे कपडे होते. बिचारी चपला हातात घेऊन परत गेली.

"लोक वेडे म्हणतील आपल्याला," आई म्हणाली. पण तीही कुजबुजतच.

तेवढ्यात फोन वाजला. चंद्र डोक्यावर असताना फोन! आईने घाईने उचलला.

"आई, झोपच लागत नाही गं." पोरीचा आवाज रडवेला होता. "आल्यापासून एक रात्र धड झोपले नाही. कामावर डुलक्या येतात. असंच चाललं तर परत जा, म्हणालेत साहेब. इथे फार शांत आहे गं... आणि तुमच्याकडेही काहीच कसं ऐकू येत नाही? घरी आहात ना दोघं?"

आईने बाबांकडे पाहिलं. फोन ओट्यावर ठेवला.

"अहो, भांडी घासायला घ्या."

बाबांनी नळ पूर्ण सोडला. ताटावर ताट आदळलं, चमचे खणखणले. आईने मिक्सर लावला आणि त्यावरून ओरडली, "जरा हळू! कान गेले माझे!"

फोनमधून हसू आलं. मग जांभई. मग आईने फोन कानाला लावून ऐकलं, नुसता संथ श्वास.

"झोपली," आईने मिक्सर बंद केला. तिचे डोळे भरून आले होते. "पुरे आता."

भांडी तर केव्हाच लख्ख झाली होती. बाबांनी तेच ताट पुन्हा नळाखाली धरलं.

"थांबलो तर उठेल," ते म्हणाले, आणि ताट दणकन आपटलं.