गोदूबायच्या घरचा गॅस

"जरा वाकून चाला. भरलेला सिलिंडर असा कुणी उचलतं का?" तुळजा दबक्या आवाजात म्हणाली.

हरेशनं रिकामा सिलिंडर खांद्यावर सावरला, तोंड वेडंवाकडं केलं आणि धापा टाकत पुढच्या दारानं घरात शिरला. ओटीवर त्याची आई गोदू सुकट निवडत बसली होती.

"आला सिलिंडर?"

"आला."

"बरं झालं," म्हणून गोदूनं पुन्हा सुपात मान घातली.

स्वयंपाकघरात पोचल्यावर नवराबायको तोंडावर हात दाबून हसली. शेगडीची नळी त्या सिलिंडरला जोडलेलीच नव्हती. ती भिंतीतल्या भोकातून मागल्या दारी गेली होती आणि तिथून जमिनीखालून थेट गावाच्या नव्या संडासापर्यंत.

खारबावजवळचं ते गाव. भारनियमनानं भिवंडीकडचे यंत्रमागसुद्धा तासन् तास थंड पडत, ते दिवस. गावानं श्रमदानातून सार्वजनिक संडास बांधले आणि गावातल्याच सावळारामनं खटपट करून त्याला गॅसप्लांट जोडला. आता घरोघरी जोडण्या द्यायच्या, एवढंच उरलं होतं. पण ग्रामसभेत गोदू उभी राहिली.

"त्या गॅसवर शिजलेलं मी खानार न्हाय. ज्या घरात ती शेगडी पेटंल, त्या घरचं पानीसुदा पिनार न्हाय!"

गोदूबायचा शब्द म्हणजे गावातल्या निम्म्या चुलींचा शब्द. बायका उठून घरी गेल्या. प्लांट तयार, गॅस तयार, पण घ्यायला कुणी पुढं येईना.

तुळजा सभेत काही बोलली नव्हती. सासूला चारचौघांत तोडायचं कसं? पण ओली लाकडं फुंकून फुंकून तिचे डोळे कायम लाल असायचे. पुढं गोदू गुडघे शेकायला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर, लेकीकडं राहायला गेली. दुसऱ्याच दिवशी सावळाराम मागल्या दारी हजर.

"वहिनी, पाईप टाकू का?"

"आईंना कळलं तर?"

"नका सांगू," तो म्हणाला आणि कुदळ घेऊन खणायलाही लागला.

हरेशनं मित्राकडून रिकामा सिलिंडर आणून शेगडीशेजारी ठेवला. गोदू परतली, तिनं शेगडी पाहिली.

"सिलिंडर घेतला व्हय?"

"हो, आई."

"चांगलं केलंस."

विषय तिथंच संपला. अधूनमधून तोच सिलिंडर बाहेर नेऊन 'भरून' आणायचं नाटक तेवढं करावं लागे. गोदूच्याच घरी संडासाच्या गॅसवर शेगडी पेटते, अशी तिच्यामागं कुजबुज झाली आणि बाकीच्या बायकांचीही भीड चेपली. कुणी उघड, कुणी गुपचूप, जोडण्या घेतल्या. तुळजाची भांडी काळी व्हायची थांबली, डोळे निवळले. गोदू तर पूर्वीपेक्षा एक भाकरी जास्तच खायची. मात्र तिच्या ताटात भाकरी वाढताना दर वेळी तुळजा तिची नजर चुकवायची. म्हातारीचा शब्द आपण तिच्या नकळत मोडला. उद्या तिला कळलं तर ती जेवण टाकेल, आणि तिचं बघून सगळं गाव जोडण्या उपटून टाकेल.

एका सकाळी गोदू देवळात गेलेली असताना दारात चार अनोळखी बायका उभ्या राहिल्या.

"गोदूबायचं घर हेच ना?" पुढची विचारत होती. "मी पार्वती, अकलोलीची. तुमचा तो संडासाचा गॅस बघायला आलोय. आमच्याकडं पन करायचाय."

गोदू कुठल्याही क्षणी परत येईल, आणि या बाया ओटीवर बसून तोच विषय काढतील. तुळजा दार अडवून उभी राहिली.

"घर हेच, पण यांच्याकडं सिलिंडर आहे. तुम्ही त्या पलीकडच्या आळीत बघा ना. मी... मी शेजारची."

पार्वतीनं तिच्याकडं पाहिलं, मग मागं रस्त्याकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"शेजारीन हायेस ना? मंग तुला सांगायला हरकत न्हाय. पन हिच्या सुनेला बोलू नको हां. गोदूबाय आमच्या कुंडावर पाय सोडून बसायची, तवा म्हनायची, भर सभेत बोलून बसले, आता माघार कशी घेऊ? पन सून धुरात रडते ते बघवत न्हाय. म्हनून सावळारामला सांगून आलेय, मी हितं हाय तवर घरात पाईप टाकून घे, आन् सुनेला वाटू दे, तिनंच सासूला फसवलं."